गोळी दिवस राहण्याआधीची: बाळाच्या दुभंगलेल्या ओठाचा धोका कमी करण्यासाठी काय करावे

कोल्हापूर भागात सुपारी फुटली की लग्न पक्के झाले असे समजतात. त्यानंतर हॉल, बस्ता, वाजंत्री, पंगती यांच्या याद्या सुरू होतात आणि त्या याद्यांत नवऱ्या मुलीच्या आरोग्याची एकही ओळ सहसा नसते. या लेखाचा आग्रह त्या एका ओळीपुरता आहे. बस्त्याच्या यादीतच फॉलिक ॲसिड या ब गटातल्या जीवनसत्त्वाची गोळी लिहावी, कारण बाळाचा वरचा ओठ ज्या दिवसांत जुळतो, त्या दिवसांत घरातल्या मंडळींना आणि पुष्कळदा खुद्द आईलाही दिवस राहिल्याचे नीटसे ठाऊक नसते.

गर्भाचा चेहरा एकसंध वाढत नाही. नाकाच्या बाजूने खाली उतरणारा उंचवटा आणि गालाच्या बाजूने पुढे सरकणारा उंचवटा एकमेकांना भेटतात, सांधले जातात आणि वरचा ओठ तयार होतो; ही भेट एका किंवा दोन्ही बाजूंना अपुरी राहिली की ओठात फट उरते. गर्भारपणाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात ओठ जुळतो आणि सहाव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास टाळू. आता घरातला हिशेब मांडून पाहावा. पाळी चुकते तेव्हा डॉक्टरांच्या मोजणीनुसार, म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजल्यास, चार आठवडे आधीच संपलेले असतात. पुढे आठ-दहा दिवस वाट पाहण्यात जातात, मग घरच्या घरी चाचणी होते, मग सासूबाईंना सांगायचे, मग दवाखान्याची वेळ घ्यायची. पहिली चिठ्ठी हातात पडते तेव्हा दुसरा महिना सरत आलेला असतो आणि ओठाचे काम बहुधा आटोपलेले असते. मज्जारज्जूची नळी, म्हणजे जिच्यातून पुढे बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतो ती, तर त्याहूनही आधी, गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते.

सरकारी व्यवस्थेतही हीच अडचण आहे. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक ॲसिडची गोळी उपकेंद्रातून किंवा आशाताईंकडून मोफत मिळते आणि ती घ्यावीच. परंतु नोंदणी दिवस राहिल्यानंतर होते, त्यामुळे नोंदणीची वाट पाहून सुरू केलेली गोळी ओठासाठी उशिराचीच ठरते. म्हणून मूल हवे असा विचार झाल्यावर नोंदणीच्या आधीच आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन गोळी मागावी. यात लाजण्यासारखे काही नाही. नव्या नवरीने स्वतः जाणे अवघड वाटत असेल, तर नवऱ्याने जावे.

किती, केव्हापासून, कोठवर

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: गर्भधारणेचा प्रयत्न सुरू होतो तेव्हापासून १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे. प्रयत्नाच्या निदान एक महिना आधी सुरुवात झाली पाहिजे, आणि तीन महिने आधी झाली तर अधिक चांगले, कारण या मात्रेने रक्तपेशींतील फोलेटचा, म्हणजे याच जीवनसत्त्वाच्या अन्नात आणि शरीरात असणाऱ्या रूपाचा, साठा पुरेसा वाढण्यास साधारण तितका काळ लागतो. सुपारी आणि लग्न यांच्यात बहुधा तेवढे अंतर असतेच. नसल्यास लग्नानंतर तीन महिने गर्भनिरोधक वापरून गोळी चालू ठेवता येते. एखाद्या दिवशी गोळी चुकली, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत, नेहमीप्रमाणे एकच घ्यावी. वेळ कोणतीही चालते, मात्र रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला ती बांधून टाकली की विसर पडत नाही.

औषधाच्या दुकानात मात्र सावध राहावे. केवळ ‘फॉलिकची गोळी द्या’ असे म्हटले की पुष्कळदा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात येते. ५ मिलिग्रॅम म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम, अर्थात नेहमीच्या मात्रेच्या बारा पटींहून अधिक. ही गोळी विषारी नाही आणि काही स्त्रियांना ती मुद्दाम दिली जाते. परंतु डॉक्टरांच्या सल्ल्याविना गोळ्यांतून रोज १,००० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त फॉलिक ॲसिड घेऊ नये, असा संकेत आहे. म्हणून पाकिटावरचा आकडा आणि त्यापुढचे एकक, दोन्ही वाचावे. शाळेत किंवा अंगणवाडीत मुलींना आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची असते. ती रक्तवाढीसाठी उपयोगाची आहे, पण आठवड्याची ती एक गोळी रोजच्या गोळीची जागा घेत नाही. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज घ्यायची लाल गोळी ओठ जुळून गेल्यानंतरची आहे. तिचे काम आईच्या रक्तासाठी वेगळे आणि महत्त्वाचे आहे, आणि ती चहासोबत घेऊ नये, कारण चहा लोह शोषू देत नाही.

गोळीकडून काय अपेक्षा ठेवावी, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. मज्जारज्जूच्या दोषांबाबत पुरावा भक्कम आहे: १९९१ साली ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधीचे एक मूल असा दोष घेऊन जन्मलेल्या स्त्रियांना रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिल्यावर तो दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. दुभंगलेल्या ओठाबाबत चित्र इतके स्वच्छ नाही. नॉर्वेतील २००७ सालच्या अभ्यासात गर्भारपणाच्या सुरुवातीला ४०० मायक्रोग्रॅम किंवा अधिक फॉलिक ॲसिड घेणाऱ्या मातांच्या बाळांत दुभंगलेल्या ओठाचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला, तर अन्य काही अभ्यासांत असा स्पष्ट फरक आढळला नाही. आणि ओठ शाबूत असून केवळ टाळू दुभंगलेली असते अशा बाळांबाबत नॉर्वेतही संरक्षण दिसले नाही. जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते आणि त्यामागे अनुवंश, औषधे, तंबाखू, आईचा मधुमेह, पोषण अशी अनेक कारणे एकत्र गुंतलेली असतात. गोळी घेऊनही असे बाळ जन्मू शकते. तरीही गोळी स्वस्त आहे, सुरक्षित आहे आणि मज्जारज्जूसाठी ती घ्यायचीच आहे, तेव्हा ओठासाठी पुरावा पक्का होईपर्यंत थांबण्यात शहाणपण नाही.

एकटे फॉलिक पुरत नाही

फॉलिक ॲसिड पेशींच्या वाढीचे जे काम करते, त्यात त्याला बी-१२ जीवनसत्त्वाची जोड लागते. आपल्याकडे उणीव बहुधा इथेच असते. पुणे जिल्ह्यातील गावांमध्ये १९९३ पासून सुरू झालेल्या माता-पोषणाच्या दीर्घ अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गरोदर मातांच्या रक्तात बी-१२ कमी आढळले, फोलेटची ठळक कमतरता मात्र जवळजवळ कोणातच नव्हती. कोल्हापूर मटणाचे गाव म्हणून ओळखले जाते, त्यामुळे इथे बी-१२ ची चिंता कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण तांबडा-पांढरा रस्सा आठवड्यातून एकदा होतो. वार, उपास, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार वजा केले तर आणखी कमी, आणि अनेक घरांत बाईच्या वाटीत रस्सा येतो, फोडी येत नाहीत. बी-१२ नैसर्गिकरीत्या फक्त प्राणिज पदार्थांतून मिळते. रोजच्या भाजी-भाकरीत ते नसते. म्हणून शाकाहारी मुलीने, आणि क्वचितच मांसाहार करणाऱ्या मुलीनेही, लग्नाआधी एकदा बी-१२ ची रक्ततपासणी करून घ्यावी आणि कमी असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी किंवा इंजेक्शन घ्यावे. बी-१२ कमी असताना फॉलिक ॲसिड मोठ्या मात्रेत घेतले, तर रक्ताची तपासणी सुधारल्यासारखी दिसते आणि नसांचे नुकसान मात्र आतल्या आत चालू राहू शकते. ५ मिलिग्रॅमची गोळी मनाने घेऊ नये, यामागचे मोठे कारण हे आहे.

दूध हा या जिल्ह्याचा हुकमी उपाय आहे. एका मोठ्या पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम बी-१२ मिळते, दही-ताकातूनही मिळते, अंड्यातूनही मिळते. एक सावधगिरी मात्र आहे: गंगावेशीतल्या कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाची गोडी कितीही खरी असली, तरी दिवस राहिलेल्या किंवा राहण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने दूध उकळूनच प्यावे, कारण कच्च्या दुधातून होणारे काही संसर्ग गर्भाला घातक असतात.

बी-६ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचाही दुभंगलेल्या ओठाशी संबंध काही अभ्यासांत दिसला आहे, विशेषतः फिलिपीन्समध्ये, जिथे पॉलिश केलेला तांदूळ हे मुख्य अन्न आहे. आपल्याकडे ज्वारीची भाकरी, कडधान्ये, केळी आणि बटाटा पोटात जात असतील तर त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही.

ताटात काय असावे

फोलेट पालेभाज्यांत आणि डाळी-कडधान्यांत असते, आणि या दोन्ही गोष्टींत कोल्हापूरचा बाजार श्रीमंत आहे. कपिलतीर्थ मार्केटमध्ये मेथी, पालक, शेपू, तांदळी, चाकवत, अंबाडी आणि थंडीत हरभऱ्याचा पाला मिळतो. वाटीभर शिजवलेला मसूर किंवा हरभरा, मूठभर शेंगदाणे आणि एक पालेभाजी इतके रोज पोटात गेले, तरी फोलेटचा मोठा वाटा भरून निघतो. मिसळीतली मटकीही यात मोडते. तिच्यावरच्या तर्रीचे गुणगान या लेखाच्या कक्षेबाहेर आहे. गूळ-शेंगदाण्याच्या बाबतीत एक गैरसमज दूर करावा: फोलेट शेंगदाण्यात असते, गुळात नाही.

फोलेट पाण्यात उतरते आणि फार वेळ उकळल्याने नष्ट होते. म्हणून भाजी आधी निवडावी, धुवावी आणि मग चिरावी. चिरून पाण्यात भिजत ठेवू नये. भाजी किंवा कडधान्य शिजवलेले पाणी ओतून न देता त्याचाच कट किंवा आमटी करावी. आपल्या आज्या पालेभाजीचे पाणी आमटीत घालत, ते काटकसरीपोटी असेल, पण पोषणाच्या दृष्टीने ते बरोबरच होते.

रेशनच्या तांदळात कधी कधी काही दाणे वेगळे दिसतात आणि ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून ते निवडून फेकले जातात. ते प्लास्टिक नसून लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून तांदळाच्याच पिठापासून तयार केलेले दाणे असतात. ते फेकू नयेत आणि भात पेजेसह शिजवावा. मात्र त्यांवर विसंबूही नये: ठरवून दिलेल्या प्रमाणानुसार अशा एक किलो तांदळात ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते, म्हणजे दिवसाला दीडशे ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या स्त्रीला त्यातून फार तर वीसेक मायक्रोग्रॅम मिळणार. गोळीतले चारशे भाताने भरून निघत नाहीत, आणि खरे म्हणजे उत्तम ताटानेही त्यांची खात्री देता येत नाही. म्हणून आहार आणि गोळी, दोन्ही हवेत.

जे बंद करायचे आहे

लग्नाच्या आधीच्या महिन्यांत चेहऱ्यावरच्या मुरुमांसाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाणाऱ्या मुली पुष्कळ असतात, आणि काहींना आयसोट्रेटिनॉइन नावाची कॅप्सूल दिली जाते. हे औषध अ जीवनसत्त्वाच्या कुळातले असून गर्भातल्या बाळाच्या चेहऱ्याला, हृदयाला आणि मेंदूला गंभीर इजा करते. ते चालू असताना दिवस राहता कामा नयेत, आणि ते बंद केल्यानंतर निदान एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. ज्या महिन्यांत फॉलिकची गोळी सुरू व्हायला हवी, नेमक्या त्याच महिन्यांत ही कॅप्सूल चालू असते, म्हणून मी ते सर्वांत आधी सांगत आहे. लग्नाची तारीख त्या डॉक्टरांना स्पष्टपणे सांगावी.

अ जीवनसत्त्वाचा अतिरेक ताटातूनही होऊ शकतो. गर्भारपणात या जीवनसत्त्वाच्या तयार रूपाची रोजची मात्रा १०,००० आंतरराष्ट्रीय एककांच्या वर जाऊ देऊ नये, आणि शंभर ग्रॅम कलेजीत त्याहून कितीतरी अधिक असते. ‘रक्त वाढेल’ म्हणून दिवस राहिलेल्या सुनेला आग्रहाने कलेजी वाढली जाते. मूल हवे असे ठरल्यापासूनच ती बाजूला ठेवावी, मटण मात्र खुशाल खावे. गाजर, शेवग्याचा पाला, भोपळा यांतून अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल मिळतो आणि शरीर त्यातून गरजेपुरतेच घेते, त्यामुळे त्यांची भीती नाही.

मिशरीबद्दल बोलणे अनेकांना अप्रशस्त वाटते, पण निपाणीचा तंबाखूपट्टा जवळ असलेल्या या भागात ते टाळता येत नाही. भाजून पूड केलेला तंबाखू दातांना घासला की त्यातले निकोटीन हिरड्यांतून रक्तात जाते. गर्भारपणाच्या सुरुवातीच्या काळातले धूम्रपान हे दुभंगलेल्या ओठाचे एक कारण आहे, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४ सालच्या अहवालात काढला आहे. मिशरीवर इतके संशोधन झालेले नसले, तरी गर्भाची वाढ खुंटणे आणि अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण यांच्याशी बिनधुराच्या तंबाखूचा संबंध दिसलेला आहे. तेव्हा सकाळची मिशरी सोडून तिच्या जागी साधे मंजन ठेवावे आणि फॉलिकची गोळी त्याच वेळेला बांधावी. घरातल्या पुरुषाची सिगारेट-विडी दाराबाहेर नव्हे, पूर्ण बंद व्हावी. दारूही दोघांनी सोडावी.

फिट्सवरची काही औषधे, जसे फेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट, दुभंगलेल्या ओठाचा किंवा अन्य दोषांचा धोका वाढवतात. टोपिरामेट अर्धशिशीसाठीही दिले जाते. संधिवातावरचे मेथोट्रेक्झेट फॉलिक ॲसिडच्याच विरोधात काम करते. यांपैकी कोणतेही औषध चालू असेल तर ते आपल्या मनाने बंद करू नये, कारण गर्भारपणात येणारी फिट आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकते. लग्न ठरताच त्या डॉक्टरांना भेटून औषध बदलता येईल का आणि फॉलिकची मात्रा किती हवी, हे विचारावे. सासरी आजार लपवून ठेवण्याच्या नादात ही भेट टळते, हे दुर्दैवाने नेहमीचे आहे. मधुमेह असल्यास दिवस राहण्याआधीच साखर आटोक्यात आणावी. मामाच्या मुलीशी किंवा अन्य जवळच्या नात्यात लग्न ठरले असेल आणि घराण्यात कोणाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण जवळच्या नात्यातील विवाहांत जन्मजात दोष अधिक आढळतात.

ग्रहण

गर्भवतीने ग्रहणात विळी हातात घेतली, भाजी चिरली, तर बाळाचा ओठ चिरलेला निघतो, ही समजूत शिकलेल्या घरांतही टिकून आहे. तिला उत्तर देण्यासाठी खगोलशास्त्रात जाण्याची गरज नाही, वरचा आठवड्यांचा हिशेबच पुरतो: पोट दिसू लागल्यावर, पाचव्या-सातव्या महिन्यात सुनेला खोलीत बसवून ग्रहण पाळले जाते, आणि ओठ तर दुसऱ्या महिन्यातच जुळून गेलेला असतो. ग्रहण पाळायचेच असेल तर वाद घालू नये, पण त्या काळात तिला तासन्‌तास उपाशी आणि बिनपाण्याची ठेवू नये. आणि बाळ दुभंगलेल्या ओठाचे जन्मले, तर ‘तू तेव्हा काय चिरलेस’ हा प्रश्न तिला कोणीही विचारू नये.

आधीच्या बाळाचा ओठ दुभंगलेला असेल तर

आईवडिलांना स्वतःला हा दोष नसेल आणि पहिले बाळ असे जन्मले असेल, तर पुढच्या बाळाला तो होण्याची शक्यता साधारण शंभरात तीन ते पाच असते. म्हणजे शंभरातली पंचाण्णव किंवा त्याहून अधिक बाळे ठीक असतात. अशा आईला मोठी मात्रा द्यावी का, याची चाचणी ब्राझीलमध्ये झाली आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ४ मिलिग्रॅम व ०.४ मिलिग्रॅम यांत लक्षणीय फरक दिसला नाही. त्यामुळे केवळ ओठासाठी ५ मिलिग्रॅमची गोळी स्वतःहून घेण्यास आधार नाही. मज्जारज्जूचा दोष असलेले मूल आधी झाले असेल, तर मात्र मोठी मात्रा डॉक्टर लिहून देतात आणि ती टाळू नये. पुढच्या गर्भारपणात १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत ओठ दिसू शकतो, टाळू मात्र सहसा नीट दिसत नाही, म्हणून जन्मल्यावर बाळाचे तोंड विजेरीने तपासून घ्यावे.

बाळ जन्मले आणि ओठ दुभंगलेला दिसला, तर पहिली काळजी दुधाची असते. फक्त ओठ दुभंगलेला असल्यास बाळ बहुधा अंगावर पिऊ शकते. टाळूही दुभंगलेली असल्यास त्याला ओढता येत नाही, तेव्हा आईचे दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, बाळाला उभट धरून, थोडे थोडे पाजावे, मधूनमधून ढेकर काढावी आणि दर आठवड्याला वजन करावे. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या महिन्याच्या सुमारास आणि टाळूची नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या दोषाचा समावेश असून उपचार मोफत आहेत. त्यासाठी अंगणवाडीत येणाऱ्या तपासणी पथकाकडे किंवा थेट सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे या सरकारी रुग्णालयात, चौकशी करावी. टाळू दुभंगलेल्या बाळाच्या कानाची तपासणीही त्याच फेऱ्यांत करून घ्यावी, कारण कानाच्या पडद्याआड पाणी साचून त्याला कमी ऐकू येऊ शकते. आणि दुसऱ्या बाळाचा विचार असेल, तर तांबी (कॉपर-टी) काढण्याची तारीख ठरवून त्या तारखेपासून तीन महिने मागे मोजावे आणि कॅलेंडरवर तिथे गोळीचा पहिला दिवस लिहून ठेवावा.